पट्ट्यांसमोरची जागा

"बाई, आमच्या घरातली माणसं कुठं गेलीत?" असं उदयनं विचारलं, तेव्हा पद्मजा त्याच्यासाठी भाकरी दुधात कुस्करत होती. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिच्या हातातली वाटी खाली पडली होती. आता हे रोजचं झालं होतं. येतीलच इतक्यात, तोवर तुम्ही खाऊन घ्या, असं तिनं सांगितलं. तो मुकाट्यानं खाऊ लागला. परक्या बाईसमोर माणूस जसा आखडून बसतो, सांडणार नाही अशा बेतानं घास घेतो, तसा. आपल्याच नवऱ्याचं हे सभ्य वागणं पद्मजाला सगळ्यात जास्त थकवत असे.

उदय मगदूम जमीन मोजणीच्या खात्यात सर्व्हेअर होता. मिरज-शिरोळ भागातले बांधांचे कितीतरी वाद त्यानं आवाज न चढवता मिटवले होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्याचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग रस्ते गेले, मग आयुष्यातली वर्षंच गळू लागली, आणि तीही शेवटाकडून सुरुवातीकडे. नोकरी गेली. मिरजेत बांधलेलं घर गेलं. लग्नही गेलं. उरलं ते साखर कारखान्याच्या वसाहतीतलं लहानपण. त्या लहानपणात पद्मजा असण्याचं कारणच नव्हतं. तिचं माहेर चिकोडीकडचं. तिथं होती ती उदयची थोरली बहीण, सुमतीअक्का.

अक्का जयसिंगपूरला राहायच्या. दर रविवारी यायच्या. त्या दारात दिसल्या की उदयचा चेहरा उजळायचा. "अक्का, किती उशीर केलास," म्हणायचा. त्यांनी सांगितलं की आंघोळ करायचा, नखं कापून घ्यायचा, गोळ्या गिळायचा. पद्मजानं अंगाला हात लावला की मात्र तो संकोचानं मागे सरकायचा आणि न्हाणीघराची कडी आतून लावून घ्यायचा. शेवटी ती कडीच काढून टाकावी लागली. दोघांना मूलबाळ नव्हतं. भिंतीवर देखरेखीचं यंत्र होतं. तो पडला की ते ओरडायचं, बाहेरचं दार उघडलं की ओरडायचं. पण त्याची समजूत घालणं, त्याला चार घास भरवणं हे काही त्या यंत्राच्या हातचं नव्हतं. पद्मजाला आताशा रडू येत नसे. झोप येत असे. भाजी चिरताना येत असे, फोनवर बोलताना येत असे, आणि रात्री अंथरुणावर पडलं की नेमकी उडून जात असे.

अक्कांचा तिला राग यायचा का, तर यायचा. आठवड्यातून एकदा यायचं आणि सगळं प्रेम गोळा करून जायचं. पण रागवायलाही ताकद लागते, म्हणून तिनं तो बाजूला ठेवला होता.

अशातच तिला डॉक्टर समीना मुजावर यांच्या प्रयोगाबद्दल कळलं. मिरजेत एका संशोधन केंद्रात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांवर त्या नवा उपचार करून पाहत होत्या. डॉक्टर वयानं चाळिशीच्या आसपास, बोलायला साध्या. पहिल्याच भेटीत त्यांनी उदयला विचारलं, की लहानपणी टीव्ही कुठं बघायचात. उदय म्हणाला, "वसाहतीच्या क्लबात. आम्ही पट्ट्या लागल्यापासून बसायचो." डॉक्टरांनी लगेच त्याचं नाव प्रयोगात घेतलं.

पद्मजाला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जुन्या काळी कार्यक्रम सुरू होण्याआधी टीव्हीवर उभ्या पट्ट्या दिसायच्या आणि एकसुरी, न थांबणारा 'टूँ' असा आवाज येत राहायचा. प्रक्षेपणाची यंत्रं जुळवून घ्यायला ती सोय होती. माणसाला सांगण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. तरी त्या पिढीची लाखो मुलं त्याच्यासमोर तास तास बसली. ती सगळी पूर्ण जागी असायची, जिवाचा कान करून बसलेली असायची, कारण आता काहीतरी सुरू होणार होतं. एखादी गोष्ट मिळाल्यावर मेंदू जेवढा फुलतो, त्याहून जास्त तो तिची वाट बघताना फुलतो. आणि समोर तर साठवण्यासारखं काहीच नाही. मग मेंदूनं भोवतालचं सगळं साठवून घेतलं. सतरंजीचा खरखरीतपणा, तापलेल्या संचाचा वास, शेजारी कोण बसलं होतं, त्याचा कोपर कुठं लागत होता. त्या एका सुराभोवती हे सगळं इतकं घट्ट बसलं, की पुढे आजारानं सगळा मेंदू पोखरला तरी तेवढा कोपरा शाबूत राहतो.

डॉक्टरांनी हा कोपरा उघडायची युक्ती शोधली होती. डोक्यावर एक हलकी टोपी घालायची. तिच्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मेंदूतल्या आठवणींच्या गाठीवर नेमक्या सोडायच्या, आणि त्याच वेळी समोर पट्ट्या दाखवून तो सूर वाजवायचा. सूर संपल्यावर काही तास माणूस पुष्कळसा पूर्वीसारखा होतो. बोलतो, विचारतो, स्वतःच्या हातानं जेवतो. पुन्हा पुन्हा केलं तर तो ताजेपणा कित्येक दिवस टिकतो.

"माझ्या पिढीला हा उपचार चालायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही कशासाठी थांबलोच नाही. बोट लावलं की सगळं सुरू व्हायचं. आम्ही म्हातारे झालो की आमच्यासाठी काय वाजवणार, मला माहीत नाही."

पद्मजानं एवढंच विचारलं, की ते मला ओळखतील का. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. सांगता येत नाही, म्हणाल्या.

उपचाराची खोली मुद्दाम जुनी केलेली होती. काचेच्या पडद्याचा लाकडी पेटीतला टीव्ही, जमिनीवर सतरंजी. नातेवाइकांनी काचेपलीकडे बसायचं. पहिल्या दिवशी उदय दाराशीच थांबला, वाकून चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या आणि आत जाऊन मांडी घालून बसला. बसताना आपल्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा त्यानं मोकळी सोडली. तो संच रंगीत नव्हता, त्यामुळे पट्ट्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या होत गेलेल्या. सूर सुरू झाला. काचेपलीकडून पद्मजाला त्याच्या पाठीचा कणा ताठ होताना दिसला. वर्षभर ज्या मानेला तिनं फक्त खाली झुकलेलं पाहिलं होतं, ती मान वर आली.

तिला मात्र तो आवाज सहन होईना. तिच्या माहेरी टीव्ही नव्हता. तिच्यासाठी त्या सुरात कुणीच बसलेलं नव्हतं.

त्या दुपारी उदय वसाहतीबद्दल भरभरून बोलला. दिवस मावळायच्या आत जेवण उरकून पोरं क्लबाकडे कशी पळायची, वॉचमन चावी घेऊन यायला कसा उशीर करायचा, मळीचा वास कसा सगळीकडे भरून असायचा. भाताचा मुटका स्वतः केला, स्वतः खाल्ला. मग पद्मजाकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही पण जेवून घ्या."

असे काही दिवस गेले. मग एकदा मध्येच, सूर चालू असताना, उदयनं डावीकडे पाहिलं. मोकळ्या जागेवरून हात फिरवला. "अक्का कुठंय?" म्हणाला. उत्तर आलं नाही तसा तो घाबरला. टोपीच्या वायरी ताणत उठायला लागला. अक्का जयसिंगपूरला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणात होत्या. टोपी मध्येच निघणं धोक्याचं होतं. डॉक्टरांनी पद्मजाला सांगितलं, की आत जा, त्या जागेवर बसा, काही बोलू नका.

पद्मजा आत गेली आणि बसली. उदयनं तिचा हात घट्ट धरला आणि पुन्हा पट्ट्यांकडे बघू लागला. त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. सूर संपला, पडदा काळा झाला, तरी त्यानं हात सोडला नाही. तिच्या तोंडाकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"पद्मा," तो म्हणाला.

कितीतरी दिवसांत तिला तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. अक्काही 'ऐक गं' एवढंच म्हणायच्या.

त्यानंतर तिनं डॉक्टरांना विनवून सांगितलं, की दर वेळी मलाच आत बसू द्या. डॉक्टर आनंदात होत्या, पण त्यांनी एक गोष्ट सांगितली. बाहेर काढलेली आठवण जशीच्या तशी परत ठेवली जात नाही. ती उघडी असते तेवढा वेळ मऊ असते. परत घट्ट होताना त्या क्षणी जवळ जे असेल ते थोडंसं तिच्यात मिसळतं. निरोगी माणसाचं त्यानं बिघडत नाही, कारण त्याच्या प्रत्येक आठवणीला धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या पुष्कळ आठवणी असतात. इथं काय होईल त्याचा नक्की अंदाज नाही. पद्मजानं ऐकलं आणि मान हलवली. मिसळलं तर मिसळू दे, असं तिच्या मनात आलं. इतकी वर्षं मी त्यांच्या आयुष्यात मिसळलेलीच होते की.

घरचे दिवस पालटले. उदय तिच्या हातून आंघोळ करून घेऊ लागला. बाहेरचं दार उघडून निघून जाणं थांबलं. रात्री तो झोपायचा, म्हणून तीही झोपायची. सलग झोप मिळाल्यावर तिला पहिल्यांदा कळलं, की आपण किती दमलो होतो. आठवडाभर ती दुपारी, तिन्हीसांजेला, मिळेल तिथं नुसती झोपत होती.

काही गोष्टी तिला खटकत होत्या, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तो तिला पद्मा म्हणायचा, पण तिच्या ओढणीचं टोक धरून मागे मागे फिरायचा. लग्नाचा फोटो दाखवला तर त्यातल्या दोघांनाही ओळखायचा नाही. एकदा म्हणाला, "तू रोज माझ्या आधी जाऊन जागा धरायचीस. गोखले मास्तरांचा पोरगा यायच्या आत." ती हसली आणि हो म्हणाली. असली चूक सुधारत बसण्याएवढं तिला काही पडलं नव्हतं.

अक्कांचा गुडघा बरा झाला आणि त्या एका रविवारी काठी टेकत आल्या. उदय गॅलरीत बसला होता. तो उठून उभा राहिला, हात जोडले.

"या, बसा," म्हणाला. मग आत वळून, "पद्मा, कोण आल्यात बघ."

अक्कांना वाटलं, थट्टा करतोय. त्यांनी त्याच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. उदय दचकला. बावरून पद्मजाच्या मागे जाऊन उभा राहिला. तेव्हा अक्का खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरून ठेवली. पद्मजानं चहा केला. तिघांनी तो घेतला. उदयनं मधेच विचारलं, की तुम्ही लांबून आलात का.

डॉक्टर समीनांनी तपासण्या केल्या आणि झालं ते स्पष्टपणे सांगितलं. त्या सुराला बांधलेली आठवण हाच उदयच्या मनाचा शेवटचा खांब होता, आणि त्या आठवणीत शेजारी बसणारं माणूस एकच होतं. दर वेळी आठवण उघडली तेव्हा तिथं पद्मजा बसलेली होती. थोडी थोडी करत ती तिथं आली, आणि तेवढ्याच थोड्या थोड्यानं अक्का तिथून गेल्या. त्या आठवणीबाहेर अक्कांना धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. हे इतकं पुरं होईल असं वाटलं नव्हतं, म्हणाल्या, आणि माफी मागितली. परत फिरवता येईल का, असं पद्मजानं विचारलं. येईल, डॉक्टर म्हणाल्या. पद्मजाच्या जागी अक्कांना बसवत गेलं तर बहुतेक त्या परत येतील. मग पद्मजा जाईल. शिवाय दर उघडण्यानं ती आठवण झिजतेय. फार वेळा करता येणार नाही. ठरवायचं ते लवकर ठरवा.

दोघींना एकदम बसवून बघा, असं अक्कांनीच सुचवलं. तेही केलं. उदयच्या डावीकडे अक्का, उजवीकडे पद्मजा. पण त्याच्या क्लबात उजवीकडे भिंत होती. सूर सुरू झाला तसा तो एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागला. भिंतीच्या जागी माणूस, आणि जागा धरणाऱ्या मुलीच्या जागी अनोळखी म्हातारी. त्यानं दोघींचे हात झटकून कान झाकून घेतले. त्यानंतर दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पद्मजाच्या हातून दोन घास खाल्ले. पुन्हा असं करणं योग्य नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते सांगायची गरजही नव्हती.

त्या दुपारी उदयला झोप लागल्यावर दोघी स्वयंपाकघरात बसल्या. पद्मजा आदल्या दिवसापासून मनाशी शब्द जुळवत होती. उद्यापासून तुम्हीच आत बसा, असं तिनं अक्कांना सांगितलं. ती जागा तुमची होती, मी चुकून बसले, आता उठते. सांगताना तिचा आवाज सपाट होता. उठल्यावर काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुन्हा बाई. पुन्हा ते आखडून खाणं, आंघोळीला नकार, रात्रीची राखण. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर एखाद्या लांबच लांब जिन्यासारखं उभं होतं.

पद्मजानं निवडायला घेतलेली मेथी अक्कांनी न सांगता पुढे ओढली आणि काड्या बाजूला करू लागल्या.

"त्यानं मला नाही ओळखलं, तर मी जयसिंगपूरला जाते आणि माझ्या घरात झोपते," त्या म्हणाल्या. "तुला नाही ओळखलं तर तू कुठं जाणार?"

पद्मजा म्हणाली, की असं कसं म्हणता, तुमचा भाऊ आहे. लहानपणापासून तुम्ही त्याला वाढवलंत.

"म्हणूनच म्हणते. त्याला कुणीतरी वेळेवर जेवायला घातलं पाहिजे एवढंच मी तेव्हाही बघत होते. कोण घालतं याची मोजदाद तेव्हा नव्हती, आता कशाला?" अक्कांनी मेथीची जुडी झटकली. "माझ्याजवळ सगळं आहे, पद्मजा. माझं काही गेलेलं नाही. त्याचं गेलंय."

पद्मजाला वाटलं, आपण आता आग्रह धरला पाहिजे. चांगल्या माणसानं धरला असता. पण तिच्या अंगातून एकदम सगळं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि त्या उतरण्याची तिला इतकी लाज वाटली, की ती तोंड फिरवून ओट्याशी उभी राहिली. अक्कांनी ते पाहिलं असावं. बसायचंच तर नीट बस, एवढंच त्या म्हणाल्या, मी सांगते कशी बसायचे ते.

आणि त्यांनी खरंच सांगितलं. पुढच्या प्रत्येक वेळी केंद्रात जायच्या आधी दोघी बसायच्या आणि अक्का एकेक गोष्ट सांगायच्या. परकराच्या ओच्यात शेंगदाणे असायचे, ते एकेक करून द्यायचे, सगळे एकदम नाहीत. पट्ट्या फार वेळ राहिल्या तर तो पेंगतो, तेव्हा आपला खांदा जरा खाली करायचा. त्या आवाजाबरोबर आपणही हळूच तोंड मिटून सूर लावायचा, म्हणजे त्याला हसू येतं. पुढच्या पोरांनी मान वर केली की त्यांना खेकसायचं. पद्मजा हे सगळं शिकली. काचेपलीकडे बसलेल्या अक्कांच्या देखत ती त्यांच्यासारखी बसायची, त्यांच्यासारखा खांदा खाली करायची. पहिल्यांदा तिनं तोंड मिटून सूर लावला, तेव्हा उदय खुदकन हसला. काचेकडे बघायचं धाडस मात्र तिचं झालं नाही.

अक्कांनी सांगितलेल्या गोष्टी उदय आता तिच्या नावानं सांगायचा. ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार केला, त्याच्याकडे त्या संसारातलं काही नव्हतं. आणि जिथं ती कधी गेली नव्हती, तिथं तो तिला हाताला धरून नेत होता. ओळख परत मिळाली ती दुसऱ्याची होती. कधीकधी तो झोपल्यावर त्याच्याकडे बघत ती मनात म्हणायची, की अहो, आपण आंबोलीला गेलो होतो, तुमच्या पायाला जळू लागली होती, मी ओरडले होते. मग कूस बदलायची. ते आता एकटीनंच सांभाळायचं होतं. अक्काही तेच करत होत्या.

पावसाळा संपता संपता सुराचा परिणाम ओसरू लागला. पट्ट्या लागल्या तरी त्याची पाठ पूर्वीसारखी ताठ होईना. एका दिवशी तो मध्येच म्हणाला, की आता पुरे, आता कार्यक्रम लागू दे. डॉक्टर समीनांनी यंत्र बंद केलं. आता जे आहे ते आहे, म्हणाल्या. ओढत राहिलो तर उरलेलंही फाटेल. निघताना उदयनं भिंतीशी लावलेल्या चपला घातल्या आणि डॉक्टरांना नमस्कार केला.

अक्कांनी रविवारचं येणं सोडलं नाही. उदय त्यांना जयसिंगपूरच्या बाई म्हणायचा. त्या आल्या की खुर्ची पुसून द्यायचा. त्या सगळं निमूट ऐकून घेतात हे त्याला आवडायचं, म्हणून तो त्यांना वसाहतीच्या गोष्टी सांगायचा. पद्मा कशी जागा धरायची, पद्मानं मास्तरांच्या पोराला कसं ढकललं. अक्का सगळं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायच्या आणि मध्येच "मग?" म्हणायच्या. पद्मजा सुरुवातीला तेव्हा काहीतरी काम काढून आत जायची. पुढे पुढे तीही तिथंच बसू लागली.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी तिघं गॅलरीत ऊन खात बसले होते. खालून एक बिनचालकाची रिक्षा आवाज न करता गेली. उदय स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "एकदा पद्मा रडत होती."

"कधी?" अक्कांनी विचारलं.

"क्लबात. पट्ट्या लागल्या होत्या. सगळी पोरं पुढं बघत होती. ही पण पुढंच बघत होती, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. आवाज नाही, काही नाही. मी बघितलं. पण विचारलं नाही. विचारलं तर ही उठून घरी जाईल, आणि मग मलापण जावं लागेल, असं वाटलं." त्यानं पद्मजाकडे मान वळवली. "का रडत होतीस गं त्या दिवशी?"

पद्मजाला उत्तर माहीत नव्हतं. अक्कांनी तिला शेंगदाण्यांपासून सगळं सांगितलं होतं, हे सांगितलं नव्हतं. तिनं अक्कांकडे पाहिलं. अक्का गॅलरीच्या गजांकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू मागून कुणीतरी अचानक नावानं हाक मारली.

"शाळेतून नाव काढलं असेल," अक्का म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आमच्या वेळी असं व्हायचं. आई अंथरुणाला खिळली की थोरल्या मुलीचं नाव काढायचे. त्यातून गणितात पहिला नंबर असला, म्हणजे जरा जास्त लागतं."

इतकी वर्षं या घरात काढून पद्मजाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. अक्कांना हिशेब तोंडी येतो, याचं तिला नेहमी थोडं हसू यायचं, एवढंच.

उदयनं तिला विचारलं, की खरं का. पद्मजा हो म्हणाली.

"मग मला सांगायचं नाहीस?"

पद्मजा काही म्हणायच्या आत अक्का बोलून गेल्या. "तुला सांगून काय होणार होतं रे? एवढासा तर होतास."

पद्मजानं पटकन उदयकडे पाहिलं. पण कोण बोललं, कसं बोललं, याकडे उदयचं लक्ष नव्हतं. तो विचार करत होता. त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि मान डोलावली.

"एवढासाच होतो," म्हणाला. "पण मी आलो असतो तुझ्याबरोबर घरी. टीव्ही सोडून."

हे तो पद्मजाकडे बघून म्हणाला. ते शब्द अक्कांपर्यंत पोचेपर्यंत पद्मजा तशीच बसून राहिली.